घर-जमिनीच्या संकेतस्थळांची मोफत यादी : आमचा अनुभव
— ऊसविकास अधिकारी, शेतकी खाते



हंगाम उतरणीला लागला आणि बिलाचे पैसे बँकेत जमा झाले, की गट ऑफिसात येणाऱ्या प्रश्नांची जात बदलते. डिसेंबर-जानेवारीत "तोड कधी? स्लिप कधी?" ह्यापलीकडे कोणी बोलत नाही. मार्च लागला की सभासद निवांत बसतात, चहा घेतात आणि मग खिशातला मोबाइल हळूच पुढे सरकवतात. "साहेब, पोरगं पुण्याला नोकरीला हाय. तिथं दोन गुंठ्याचा प्लॉट बघावा म्हणतो. हे बघा, ह्यात दिसतंय." पडद्यावर कमान, कारंजे, हिरवळ आणि लाल अक्षरात 'फक्त ४ प्लॉट शिल्लक'. आम्ही पडलो उसाची माणसे. को ८६०३२ चे निरोगी बेणे कोणाकडे आहे हे विचारले तर डोळे झाकून सांगू. कारंज्याविषयी काय सांगणार?

तरीही लोक आम्हालाच विचारीत राहिले, त्याला कारण आहे. ऊस नोंदीच्या वेळी क्षेत्र पडताळण्यासाठी गट ऑफिसातील क्लार्क संगणकावर सातबारा काढू लागले आणि 'ह्यांना जमिनीची संकेतस्थळे कळतात' अशी हवा झाली. म्हणून २०१९ साली आम्ही एका कागदावर दहा-बारा संकेतस्थळांची नावे लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली. कागद एक, मागणारे पन्नास. मग तो टंकलिखित झाला, पाचही गट ऑफिसांत लागला आणि पुढे कारखान्याच्या संकेतस्थळावरही आला. नाव दिले 'घर-जमीन संकेतस्थळांची मोफत यादी'. मोफत दोन्ही बाजूंनी. पाहणाऱ्यास फी नाही आणि ज्याचे नाव त्यात आहे त्याच्याकडूनही एक पैसा घ्यावयाचा नाही, असे संचालक मंडळाने पहिल्याच बैठकीत ठरविले.

हे दुसरे कलम पाळणे वाटते तितके सोपे नाही. यादीची बातमी पसरली तसे प्लॉटिंगवाले आमच्याकडे येऊ लागले. कोणी दिनदर्शिकांचा गठ्ठा आणला, कोणी पेढ्यांचा बॉक्स. एक गृहस्थ तर सरळच म्हणाले, "साहेब, नाव पहिल्या नंबरला घ्या, कारखान्याच्या वार्षिक अहवालाला पानभर जाहिरात देतो." आम्ही नकार दिला, त्याचे काही कौतुक नको. पण नाव मात्र त्यांचे घेतले, कारण त्यांचे संकेतस्थळ चालू होते आणि दिसायला ठीक होते. तेव्हा आम्हाला वाटे की जितकी नावे जास्त तितकी सभासदांची सोय. बघता बघता यादी साठ नावांवर गेली. सरकारी संकेतस्थळे, देशभरच्या जाहिरातींची मोठी स्थळे, पुणे-कोल्हापूरकडचे बिल्डर आणि आपल्या तालुक्यातले लहान-मोठे एजंट, सगळे एका खाली एक.

आणि इथेच आमची चूक झाली.

आमच्या एका गटात एक विधवा सभासद आहेत. त्यांचे नाव देत नाही. वयाने आम्हाला वडील, म्हणून आम्ही त्यांना काकी म्हणतो. अडीच एकर, त्यात दीड एकर ऊस, खोडवा त्या स्वतः सांभाळतात. मुलासाठी तालुक्याच्या गावी एक लहानसा प्लॉट पाहावा असे त्यांच्या मनात होते. सोसायटीच्या भिंतीला आमच्या यादीचा कागद लावलेला होता. मुलाने त्यावरचे एक नाव मोबाइलवर घातले, प्लॉट पसंत केला, तिथल्या नंबरवर फोन केला आणि पलीकडच्या माणसाने 'आज टोकन टाका, उद्या दर वाढतोय' म्हटल्यावर २१ हजार रुपये फोनवरूनच पाठविले. त्यानंतर तो फोन लागला नाही.

काकी आमच्याकडे आल्या त्या तक्रार घेऊन नव्हे, त्या गटाचा सातबारा काढायला. आम्ही गाव निवडले, गट नंबर घातला, काही येईना. पुन्हा घातला. त्या गावचे गट नंबरच त्याआधी संपत होते. जो गट जगात नाही त्यातला प्लॉट त्या मुलाने पसंत केला होता. काकी काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या कागदावर व्हतं, साहेब. कारखान्याचा शिक्का बी व्हता त्याच्यावर. म्हणून म्या म्हणलं, पाठीव."

ह्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. लगेच सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० ह्या क्रमांकावर फोन लावला, पोलीस ठाण्यात तक्रार दिली. पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

झाले काय होते ते नंतर समजले. त्या नावाचे संकेतस्थळ आम्ही यादीत घेतले तेव्हा खरेच एका एजंटाचे होते. पुढे त्याने धंदा सोडला. संकेतस्थळाचे नाव हे काही कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या हिशेबाने घ्यावे लागते आणि मुदत संपल्यावर पैसे भरले नाहीत, तर काही काळाने ते कोणालाही घेता येते. ते नाव असेच सुटले आणि भलत्याने उचलले. पाटी जुनी, दुकानदार नवा. आमच्या यादीत मात्र ते जसेच्या तसे होते, कारण सात महिन्यांत आम्ही ते एकदाही उघडून पाहिले नव्हते.

बेणेमळ्यात काणीचे किंवा गवताळ वाढीचे एक बेट दिसले, तर ते मुळासकट उपटून जाळा म्हणून आम्ही आपल्यामागे धोशा लावतो. बेणेमळ्याची तपासणी एकदा करून भागत नाही हे आपल्याला दर सभेत सांगतो. तेच आम्ही साठ नावांची यादी लावून दिली आणि फिरून पाहिली नाही.

हा विषय संचालक मंडळापुढे गेला. काही संचालकांचे मत पडले की यादी बंद करा, आपले काम ऊस गाळण्याचे. खरे सांगावयाचे तर दोन दिवस आमचेही मत तेच होते. त्या चर्चेत संगणक विभागातील आमच्या सहकाऱ्याने एक गोष्ट सांगितली, ती आपल्यालाही सांगण्याजोगी आहे.

इंटरनेटवर अशा याद्या पूर्वीपासून होत्या. १९९४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फायलो ह्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या सोयीसाठी संकेतस्थळांची विषयवार यादी करावयास घेतली. तिचेच पुढे 'याहू' झाले. धंदेवाईक संकेतस्थळांना त्या यादीत यावयाचे असेल तर पुढे २९९ डॉलर फी लागू झाली. दुसरी मोठी यादी १९९८ साली निघाली, तिला 'डीमॉझ' म्हणत. ती पूर्ण मोफत आणि जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळीत. घर-जमिनीचा धंदा तिथेही होताच. स्थानिक एजंटाची नोंद त्याच्या त्याच्या गावाच्या सदरात घ्यावयाची, असा त्यांचा शिरस्ता होता; एकच माणूस दहा ठिकाणी दिसू नये हा त्यात हेतू. याहूची यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी बंद झाली, तेव्हा तीत सुमारे ३८ लाख संकेतस्थळे होती आणि आजवर हात लावून गेलेल्या संपादकांची संख्या ९० हजारांवर होती. त्यांतल्या काही जुन्या संपादकांनी नंतर 'कर्ली' ह्या नावाने तेच काम पुढे सुरू केले.

शोधयंत्रे आल्यावर अशा याद्यांची गरज कमी झाली हे खरे. पण आमच्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की, इतक्या माणसांनासुद्धा नवीन नावे घेणे आणि जुनी मेलेली नावे काढणे ही दोन्ही कामे एकदम निभावणे जड जात होते, तर एक क्लार्क आणि एक ऊसविकास अधिकारी साठ नावे कशी सांभाळणार? मुद्दा पटला. यादी बंद केली तरी सभासद मोबाइलवर प्लॉट बघावयाचे थांबणार नाहीत, हाही मुद्दा खरा होता. तेव्हा यादी ठेवावयाची, पण आपल्याच्याने दरमहा तपासून होईल एवढीच, असे ठरले.

साठाची यादी अकरावर आली. बिल्डर आणि एजंट ह्यांचे सदर आम्ही संपूर्ण काढून टाकले. त्यात चांगलेही गेले. आपलेच एक सभासद हा व्यवसाय करतात, सचोटीने करतात, दोन पिढ्यांची ओळख आहे. त्यांचेही नाव गेले. "म्या काय पाप केलं हो?" असे त्यांनी विचारले आणि दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण एकाचे ठेवून दुसऱ्याचे काढावयाचे, तर प्रत्येकाच्या सचोटीची परीक्षा घेणे आले, आणि तो अधिकार व ती अक्कल शेतकी खात्याला नाही.

आता यादीत उरले काय? पहिले आणि महत्त्वाचे सदर सरकारी संकेतस्थळांचे. ह्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सभासदांचा खरा उपयोग इथेच आहे.

'महाभूलेख' वर कोणत्याही गावचा सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक विनामूल्य पाहता येते. हा उतारा माहितीपुरता. कचेरीत चालत नाही. कचेरीत चालणारा डिजिटल सहीचा सातबारा वेगळ्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून मिळतो. ही सोय १ मे २०१८ पासून सुरू झाली. समोरच्या माणसाने सातबाऱ्याचा फोटो पाठविला की आपण खूश होतो. तसे न करता १५ रुपये खर्चून आपला आपण ताजा उतारा काढावा. गेल्या वर्षी एका तरुण सभासदाने पुण्याजवळच्या प्लॉटचा असाच फोटो आणला होता. एकच नाव, स्वच्छ उतारा. आम्ही नवीन काढला तर त्याच गटात आणखी चार सहहिस्सेदार आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. फोटो काढणाऱ्याने कागदाची कड दुमडून मगच फोटो काढला होता. पंधरा रुपयांत व्यवहार थांबला. बोजा म्हणजे काय हे ऊस उत्पादकाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या प्रत्येकाच्या उताऱ्यावर तो असतोच. दुसऱ्याच्या उताऱ्यावर तो शोधावयाचे मात्र आपण विसरतो.

'आपली चावडी' वर फेरफाराच्या नोटिसा दिसतात. व्यवहार झाल्यावर नोंद मंजूर होण्यापूर्वी हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. ही चावडी घेणाऱ्यापेक्षा ज्याची जमीन आहे त्यानेच अधूनमधून पाहावी. भाऊबंदकीत परस्पर झालेले खरेदीखत इथे पहिल्यांदा नजरेस पडू शकते. 'महाभूनकाशा' वर गटाचा नकाशा, शेजारचे गट आणि रस्ता आहे की नाही ह्याचा अंदाज येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या भागाचे वार्षिक बाजारमूल्य दर मिळतात, आणि त्याच जागेचे पूर्वी कोणते दस्त नोंदले गेले ह्याचा मोफत शोधही घेता येतो. तोच प्लॉट आधी दुसऱ्याला विकला आहे का, हे कळण्याची ती जागा.

आणि 'महारेरा'. २०१६ च्या कायद्याने नव्या बांधकाम व प्लॉटिंग प्रकल्पांची नोंदणी सक्तीची केली. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या लहान कामांना तीत सूट आहे. नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही आणि जाहिरातीवर नोंदणी क्रमांक लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत चौकोनी क्यूआर चिन्हही छापावे लागते. प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी 'पी' ने सुरू होतो, एजंटाचा 'ए' ने. कित्येकदा जाहिरातीत एजंटाचा क्रमांक मोठा छापलेला असतो आणि प्रकल्पाचा नसतोच. क्रमांक आहे म्हणून न थांबता तो महारेराच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. गावाचे नाव, मुदत, किती प्लॉट शिल्लक हे सर्व तिथे येते. नोंदणीकृत करार करण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास ह्याच कायद्याने मनाई आहे. "निम्मे टाका, करार मागाहून करू" म्हणणाऱ्याला हे कलम दाखवावे.

शेतजमिनीचे गुंठे पाडून 'फार्म प्लॉट' म्हणून विकणाऱ्यांचा प्रकार निराळा. त्यावर बहुधा महारेराचा क्रमांक नसतो. तिथे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. त्यात अलीकडे बदल झाले आहेत, म्हणून त्या गावास काय लागू आहे हे तहसील कचेरीत विचारल्याशिवाय इसार देऊ नये.

दुसरे सदर मोठ्या जाहिरात-स्थळांचे. ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग डॉट कॉम, नोब्रोकर ही त्यांतली चार. दर काय चालू आहेत, कोणत्या भागात काय मिळते हे समजण्यास ती उपयोगी आहेत. पण ती बाजाराची जागा आहे हे ध्यानात ठेवावे. बाजार समितीच्या आवारात माल लागला म्हणून तो चांगला ठरत नाही, तसेच हे. ज्याने पैसे भरले त्याची जाहिरात वर दिसू शकते. आमच्या यादीतल्या ह्या चार नावांपुढे आता लाल शाईत लिहिले आहे : 'फक्त दर पाहण्यासाठी. येथील व्यक्तीची आम्ही खात्री केलेली नाही.'

तपासणीची पद्धत अशी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमचे क्लार्क अकराही संकेतस्थळे उघडतात. सरकारी असेल तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे का, हे पाहतात. तो शेवट खासगी माणसाला मिळत नाही. सरकारी पत्तेही बदलतात. महाभूलेखचा पत्ता बदलला, महारेराचाही बदलला, आणि आमच्या जुन्या कागदावर जुनेच होते. खासगी असेल तर नाव कधी नोंदले गेले ती तारीख पाहतात. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. वीस वर्षे चाललेल्या धंद्याच्या नावाची नोंद गेल्या महिन्यातली निघाली, की समजावे काहीतरी गडबड आहे. शंका आली तर नाव आधी काढतो, चौकशी मागाहून करतो. पूर्वी आम्ही नेमके उलटे करीत होतो. प्रत्येक नावापुढे तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याची सही असते, आणि यादीवर आता कारखान्याचा गोल शिक्का मारीत नाही.

काकींना हे सर्व आम्ही घरी जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला. मुलगा समोर आला नाही. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "सोसायटीत त्यो कागद अजून हाय बघा."

आम्ही त्याच संध्याकाळी सोसायटीत गेलो. कागद होता. पिवळा पडलेला, वर शिक्का स्पष्ट. तो काढून आणला. पण अशा कागदाच्या आम्ही दोनशे प्रती वाटल्या होत्या आणि त्या कोठे कोठे लागल्या ह्याची नोंद ठेवली नव्हती. दूध डेअरी, पिठाची गिरणी, केशकर्तनालय, सोसायटी, कोणाच्या घरी देवघराच्या भिंतीलाही असेल. ज्या कागदावर साठ नावे आहेत आणि तपासल्याची तारीख नाही तो आपल्या दृष्टीस पडल्यास कृपया फाडून टाकावा, किंवा आपल्या गटाच्या स्लिपबॉयकडे द्यावा. आतापर्यंत त्र्याऐंशी परत आले आहेत.